काकूंना कधी मारायचं?

माझा नवरा बँकेतून निवृत्त झाला. नोकरीत असताना आंतरबँक नाट्यस्पर्धांत त्याने पुष्कळ विनोदी कामं केली आणि त्यातली निम्मी त्याला अजून तोंडपाठ आहेत. त्याची भाची मराठी वाहिन्यांसाठी स्किटं लिहिते. एरवी दोघांचं गूळपीठ. पण टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमांचा विषय निघाला की एका वाक्यावर एकमत होत नाही. म्हाताऱ्याने आजच्या टीव्हीला नाकं मुरडावीत आणि तरुण मुलीने टीव्हीची बाजू घ्यावी, अशी आपली अपेक्षा असते. आमच्याकडे उलटं आहे. मामाला तीच ती पात्रं पुन्हा पुन्हा हवी असतात, आणि ती लिहून जिचं घर चालतं ती भाची त्यांच्या जिवावर उठली आहे.

वादाचं मूळ म्हणजे तिने लिहिलेल्या एक काकू. हाऊसिंग सोसायटीत राहतात आणि प्रत्येक गोष्टीची लेखी तक्रार करतात. काकूंचं आणि कार्यक्रमाचं नाव भाचीच्या विनंतीवरून गाळलं आहे. एका रविवारी जेवणानंतर जे बोलणं झालं ते जवळपास तसंच देते. मधेमधे मीही तोंड घातलं आहे.

मामा : काकू दोन आठवडे दिसल्या नाहीत गं. आजारी आहेत का?

भाची : त्यांना मारून टाकायचा विचार चाललाय.

मामा : कुणाचा?

भाची : माझा. चॅनेल ऐकत नाहीये.

मामा : शहाणं आहे चॅनेल. अगं, त्या वही घेऊन आत येतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि मी तिथेच हसायला लागतो. अजून एक अक्षर बोललेल्या नसतात.

भाची : तेच तर माझं दुखणं आहे. एक अक्षर बोलायच्या आधी तू हसणार असशील तर मी लिहायचं कशाला? पहिल्यांदा काकू लिहिल्या तेव्हा लिफ्ट बंद पडली होती. आत अडकलेला माणूस बोंबलतोय, आणि काकू दाराबाहेर उभ्या राहून आधी त्याच्याकडे मेंटेनन्सची थकबाकी मागतायत. तिथे काहीतरी घडत होतं. काकूंना काहीतरी हवं होतं, त्या माणसाला काहीतरी हवं होतं आणि मध्ये लोखंडी दार होतं. आता क्रिएटिव्हचा फोन येतो, ‘या आठवड्यात काकू घे.’ काकू कशात अडकल्यात, त्यांना काय हवंय, हे कुणी विचारत नाही. वही, चष्मा, ठरलेलं वाक्य, परीक्षक हसतायत त्याचा शॉट. झालं स्किट.

मामा : मग बिघडलं काय? तमाशात गण झाला की गवळण. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी, वाट अडवणारा कृष्ण, त्याचा तो पेंद्या आणि गवळणींची म्होरकी मावशी. पिढ्यान् पिढ्या हीच माणसं. मावशी म्हणजे पदर घेतलेला पुरुष. तो नुसता आत आला की हशा. कोकणात जा, दशावतारात संकासुर येतो, नमनात येतो. तिथल्या बोलीत वाट्टेल ते बोलतो आणि शेवटी मार खातो. लोकांना ठाऊक असतं तो काय करणार आहे. म्हणून तर पोरंटोरं घेऊन येतात. कुणी उठून म्हणालं का, ‘हा संकासुर गेल्या वर्षी पाहिला, यंदा दुसरा राक्षस आणा’?

भाची : गेल्या वर्षी! मामा, तूच बोललास. जत्रेतला माणूस संकासुराला वर्षातून एकदा भेटतो. काकू आठवड्यातून दोनदा तुझ्या घरात, उरलेले पाच दिवस तुझ्या मोबाइलवर. परवा मामीने दाखवलं, तुला व्हॉट्सॲपवर काकूंची एकच क्लिप तीन ग्रुपवरून आली होती.

मामा : चारही आल्या असत्या तरी पाहिल्या असत्या.

(हे खरं आहे. मी साक्षीदार आहे.)

मामा : आणि ओळखीचं पात्र म्हणजे शिळं पात्र, हे तुझं गणितच चुकतंय. ‘विच्छा माझी पुरी करा’ घे. वसंत सबनिसांचं, १९६५ चं. दादा कोंडके हवालदार. लोक पुन्हा पुन्हा का जायचे? दादा त्या दिवशीच्या पेपरातलं, त्या गावातलं काहीतरी त्यात घालायचे. हवालदार कालचाच, पण बोलणं आजचं. आणि हवालदार कालचाच होता म्हणून आजचं बोलणं चटकन पोचायचं. त्याची ओळख करून देण्यात वेळ गेला असता तर त्या बोलण्यातली हवा गेली असती.

भाची : हे मात्र मान्य. आमच्या धंद्यात याला रोख किंमत आहे. स्किट दहा-बारा मिनिटांचं. नवीन पात्र उभं करायला त्यातली पहिली तीन जातात. हा कोण, याचं काय बिनसलंय, याच्या बोलण्याची ढब काय. तेवढ्या वेळात लोकांनी चॅनेल बदललं तर गुरुवारी रेटिंग येतं तेव्हा सगळे माझ्याकडे बघतात. काकू आल्या की ती तीन मिनिटं वाचतात. कपडे तयार, सेट तयार, नटीला तालीम कमी लागते. सगळ्यांचीच सोय. माझी तक्रार एवढीच आहे की वाचलेल्या तीन मिनिटांत आपण काय भरतो? दादा बातमी भरत होते. आम्ही परत चष्माच भरतो.

मामा : सगळेच काही तसे नाहीत. ‘चला हवा येऊ द्या’ बघ. २०१४ च्या ऑगस्टमध्ये सुरू झालं, २०२४ पर्यंत चाललं. पात्रंच काय, अख्खं गाव तेच. थुकरटवाडी.

भाची : गाव तेच होतं, त्याचा उपयोग वेगळा होता. दर आठवड्याला नवीन सिनेमावाले पाहुणे यायचे आणि त्यांच्याच सिनेमाची टर उडवायची. सिनेमा दिल्लीतला असो, अंडरवर्ल्डचा असो, तो थुकरटवाडीत आला की आपोआप विनोदी व्हायचा. शाहरुख खान येऊन बसला तरी गाव आपल्या जागचं हलत नव्हतं. भारत गणेशपुरे वऱ्हाडीतच बोलणार, भाऊ कदम आपल्या गतीनेच वाक्य टाकणार. तिथे न बदलणारी गोष्ट एक आणि बदलणारी दुसरी, असे दोन तुकडे स्वच्छ होते. आणि त्यातही मला सर्वात हुशार वाटलेलं पात्र कोणतं माहितीये? पोस्टमन.

मी : पोस्टमन? त्यात हसण्यासारखं काय होतं? मी तर दर वेळी रडले आहे.

भाची : म्हणूनच. सागर कारंडे खाकी घालून, पिशवी खांद्याला लावून यायचा. पोशाख तोच, येणं तेच, पत्र उघडणं तेच. पण पत्र दर वेळी नवं. अरविंद जगताप लिहायचे. कधी बापाचं मुलाला, कधी शेतकऱ्याचं, कधी गेलेल्या माणसाला. बाकी अख्खा एपिसोड दंगा आणि मध्येच हा माणूस येऊन कागद वाचतो. पात्र रिकामं ठेवलं होतं, म्हणून त्यात दर आठवड्याला काहीतरी घालता येत होतं. त्या पोस्टमनला स्वतःचा एकही विनोद नव्हता.

मामा : म्हणजे पुन्हा पुन्हा येणारं पात्र चालतं तर!

भाची : रिकामं असेल तर चालतं. भरून घट्ट झालेलं असेल तर चालत नाही. काकू भरून गेल्या आहेत, मामा. त्यांच्या वहीत आता जागा नाही.

मामा : बरं, मग मी वरच्या कोर्टात जातो. कालिदास. तीन नाटकं, तिन्हीत विदूषक. नावं वेगळी, गौतम, माणवक, माधव्य. पण माणूस एकच. खादाड, भित्रा, ब्राह्मण असून विद्येच्या नावाने शंख, राजाचा दोस्त. तिन्ही नाटकांत खाण्याचीच भाषा. कालिदासाला नवीन विनोदी माणूस सुचत नव्हता असं म्हणायचंय का तुला?

(इथे भाचीने पाण्याचा ग्लास खाली ठेवला. ती मुंबई विद्यापीठात संस्कृत शिकली आहे, हे मामा विसरला होता.)

भाची : माणूस एकच, काम एकच का? मालविकाग्निमित्रात धारिणी राणीने मालविकेला कोंडून ठेवलंय. राणीची नागमुद्रेची अंगठी दाखवल्याशिवाय सोडायचं नाही, असा हुकूम. मग गौतम काय करतो? बोटाला केतकीचा काटा टोचून घेतो आणि साप चावला म्हणून आकांत मांडतो. विष उतरवायला नागाचं चित्र असलेली वस्तू हवी, असं निघतं. राणी घाबरून आपण होऊन अंगठी काढून देते. त्या अंगठीवर मालविका सुटते. म्हणजे विदूषकाचा भित्रेपणा, जो तुला आणि सगळ्या प्रेक्षकांना पाठ आहे, तोच कालिदास कुलूप उघडायला वापरतो. राणीला शंका येत नाही, कारण तिलाही तो भित्रा म्हणूनच पाठ आहे. याला म्हणतात ओळखीचं पात्र वापरणं!

मामा : मग माझाच मुद्दा—

भाची : थांब, अजून संपलं नाही. शाकुंतल. माधव्याला शकुंतलेचं प्रेमप्रकरण ठाऊक आहे. राजानेच त्याला सांगितलंय. पण त्याला राजधानीकडे परत पाठवताना राजा म्हणतो, ते सगळं थट्टेत बोललो, खरं समजू नकोस. पुढे पाचव्या अंकात शकुंतला दरबारात येते आणि राजा तिला ओळखत नाही. तेव्हा माधव्य कुठे असतो? राजाने त्याला नुकतंच हंसपदिकेची समजूत काढायला पिटाळलेलं असतं. तो तिथे असता तर म्हणाला असता, ‘महाराज, ही तीच की!’ आणि नाटक तिथेच संपलं असतं. नाटकातलं सर्वात लोकप्रिय पात्र, बहुतेक त्या काळी ज्याच्या येण्यावर टाळ्या पडत असतील ते, नेमक्या मोठ्या प्रवेशात कालिदास बाहेर ठेवतो. आमच्या चॅनेलने पाचव्या अंकातसुद्धा माधव्य घ्यायला लावला असता. एन्ट्रीला मोदक घेऊन.

मामा : (हसत) मोदक माणवकाचा.

भाची : चॅनेलला तेवढा फरक कळत नाही.

या मुद्द्यावर मामा बराच वेळ काही बोलला नाही. माझं मत विचाराल तर इथे ती जिंकली होती. पण आमच्या घरात जिंकलेला वादही पुढे चालू राहतो, म्हणून मीच चिमणराव काढले. चिं. वि. जोशींचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ. ज्या घरी टीव्ही असेल त्या घरी चाळीतली सगळी मंडळी जमायची, त्या काळात मुंबई दूरदर्शनवर ते आले. दिलीप प्रभावळकर चिमणराव, बाळ कर्वे गुंड्याभाऊ. ती जोडी आम्हाला पुन्हा पुन्हा बघायची होती आणि आम्ही कधी कंटाळलो नाही. हे कसं, असं मी भाचीला विचारलं.

भाची : कारण चिमणरावांना घर होतं, मामी. काऊ होती, मोरू, मैना, राघू होते. पुण्यातलं बिऱ्हाड होतं, पगार पुरत नव्हता. आधी लग्न जमत नव्हतं, मग जमलं, मग पोरं झाली. माणूस तोच, पण त्याचं वय वाढत होतं. आमच्या काकूंना नवरा आहे का? आहे, पण तो कधी दिसत नाही. मुलं? पंचला लागली की होतात, पुढच्या आठवड्यात नसतात. एका स्किटमध्ये त्यांना मुलगी होती, दुसऱ्यात त्या निपुत्रिक होत्या. एकाही प्रेक्षकाने तक्रार केली नाही. मी वाट बघत होते.

मामा : कोण तक्रार करणार? लोक काकूंकडे कुटुंबवत्सल म्हणून थोडेच बघतात!

भाची : तेच तर. त्या माणूस नाहीतच, त्या एन्ट्री आहेत.

मी : बाळ कर्वे मात्र जन्मभर गुंड्याभाऊच राहिले.

मामा : त्यांना त्याचं वाईट वाटलं असेल असं मला नाही वाटत. रस्त्यात लोक ‘गुंड्याभाऊ’ म्हणून हाक मारतात, यापेक्षा नटाला काय हवं?

भाची : दिलीप प्रभावळकरांना विचार. चिमणरावांनंतर ‘चौकट राजा’, ‘हसवाफसवी’तल्या त्या सगळ्या भूमिका, टिपरे आबा, मग हिंदीत गांधीजी. तो माणूस एकाही पात्रात अडकून बसला नाही. प्रत्येक पात्राला त्यांनी दाराबाहेर चपला काढायला लावल्या. सगळ्यांना ते जमत नाही, आणि जमत नाही हा त्यांचा दोष नाही. एक पात्र गाजलं की सुपारीचे कार्यक्रमसुद्धा त्याच पात्राचे येतात. नट लग्नाच्या संगीताला जातो, तिथेही तीच टोपी, तेच वाक्य. मग घराचा हप्ता त्या टोपीवर उभा राहतो. अशा नटाला मी कोणत्या तोंडाने सांगू की टोपी टाक?

मामा : मग उगाच काकूंच्या मागे लागू नकोस. त्या बाईचा हप्ता असेल.

भाची : आहे. पंधरा वर्षांचा. मला ठाऊक आहे. म्हणूनच अजून मारलं नाही.

मामा : ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’वाल्यांचं कसं चालतं मग? २०१८ पासून चालू आहे, मी एक भाग चुकवत नाही.

भाची : तिथे सगळ्याच तऱ्हा आहेत. मला आवडायची ती समीर चौघुले आणि विशाखा सुभेदार यांची जोडी. जोडी तीच, पण दर वेळी वेगळे नवरा-बायको, वेगळे शेजारी, वेगळं भांडण. त्यात पात्र परत येत नव्हतं, दोघांतली तार परत येत होती. तो कधी दबणार आणि ती कधी चढणार, एवढंच आपल्याला ठाऊक. २०२२ मध्ये विशाखाताई बाहेर पडल्या तेव्हा कुणाला एखादं पात्र बंद झाल्यासारखं वाटलं नाही, एक माणूस गेल्यासारखं वाटलं. आणि दुसऱ्या टोकाला गौरव मोरे.

मामा : फिल्टरपाड्याचा बच्चन!

भाची : ते पात्र म्हणजे तो स्वतःच. पवईचा फिल्टरपाडा. मुंबईतल्या अर्ध्या लोकांना त्या कार्यक्रमाआधी ती वस्ती कुठे आहे हे ठाऊक नव्हतं. त्याच्या केसांवरून, अंगकाठीवरून, वस्तीवरून इतरांनी विनोद करायच्या आत त्याने स्वतःच तो पत्ता बिरुदासारखा लावला. मी लिहिणारी म्हणून सांगते, हे कागदावर लिहिता येत नाही. कुणी दुसऱ्याने त्याच्यासाठी ते लिहिलं असतं तर हिणवल्यासारखं झालं असतं. २०२४ मध्ये तो हास्यजत्रेतून बाहेर पडला आणि फिल्टरपाडा त्याच्याबरोबर गेला. मागे काही उरलं नाही, कारण ते उसनं नव्हतंच.

मामा : म्हणजे जाड्या माणसाला जाड्या म्हणायचं नाही, काळ्याला काळा नाही, पुरुषाने साडी नेसायची नाही. मग विनोदी कार्यक्रमात राहिलं काय? भजन?

भाची : साडी नेसू दे ना, पण कशासाठी ते ठरव. तुझ्या गवळणीतली मावशी पुरुष होती आणि बाजूला खऱ्या बायका गवळणी म्हणून उभ्या असायच्या. बायका मिळत नव्हत्या म्हणून पुरुष घेतला असं नव्हतं. मावशीचा खरा चेहरा सगळ्या गावाला ठाऊक आणि ती मात्र लाजून पदर ओढतेय, त्यात ती गंमत होती. आज काय होतं माहितीये? मी काकू लिहून दिल्या तेव्हा पहिला प्रश्न आला, ‘काकू कोणता मुलगा करेल?’ म्हटलं, काकू बाई आहेत, बाईच करेल. ‘बाई करेल तर मग हसायचं कशाला?’ अक्षरशः हे वाक्य! श्रेया बुगडे, नम्रता संभेराव, वनिता खरात या बायका वर्षानुवर्षं लोकांना पोट धरून हसवतायत आणि मीटिंगमध्ये अजून हा प्रश्न विचारला जातो.

मी : मग कसं मान्य झालं?

भाची : त्या आठवड्यात साडी नेसणारा मुलगा शूटिंगला गावाला गेला होता. तत्त्वाने काही जिंकलं नाही, मामी. तारखेने जिंकलं.

(मामा यावर खूप हसला. भाची हसली नाही.)

मामा : तू त्या इंग्रजी मालिकेचं उदाहरण नेहमी देतेस. हॉटेलवाल्याची.

भाची : ‘फॉल्टी टॉवर्स’. जॉन क्लीज आणि कॉनी बूथने मिळून लिहिली. १९७५ मध्ये सहा भाग, १९७९ मध्ये सहा. बारा भाग, संपलं. लोक अजून बघतात. त्यांना तिसऱ्यांदा कुणी म्हटलं नसेल का, ‘अजून सहा द्या’? नक्की म्हटलं असेल.

मामा : बारा भागांत त्यांचं भागत असेल. आपल्याकडे बारा भागांत सेटचा रंगसुद्धा वाळत नाही. आणि सोमवारी कामावरून दमून आलेल्या माणसाला काय हवं असतं? नवीन ओळखी करून घ्यायची ताकद नसते त्याच्यात. त्याला ओळखीचं कुणीतरी आत आलेलं हवं असतं. मी बँकेत होतो तेव्हा आमचा एक शिपाई होता, रोज सकाळी एकच विनोद करायचा. ज्या दिवशी त्याने तो केला नाही त्या दिवशी काउंटरवरचे सगळे विचारायला गेले, घरी सगळं ठीक आहे ना? तुम्हा लिहिणाऱ्यांना वाटतं लोक विनोदासाठी येतात. अगं, लोक माणसासाठी येतात.

भाची : मग पु.लं.नी अंतू बर्वा एकदाच का लिहिला? लोक माणसासाठीच आले असते. चॅनेलच्या हातात ‘व्यक्ती आणि वल्ली’ असतं तर ‘अंतू बर्वा, भाग ४३ : अंतूशेठ बिग बॉसच्या घरात’ झालं असतं. नारायणाच्या दर आठवड्याला लग्नाच्या याद्या, आणि महाअंतिम फेरीला विशेष पाहुणे.

मामा : ‘भाग ४३’ मी बघितला असता.

भाची : ठाऊक आहे! म्हणूनच मला तुझी भीती वाटते. तू वाईट प्रेक्षक असतास तर सोपं होतं. तू प्रेमळ प्रेक्षक आहेस. तू काकूंना कधीच मरू देणार नाहीस. त्या कितीही पोकळ झाल्या तरी तू मागच्या काकू आठवून हसशील. मी या आठवड्यात काय लिहिलं याच्याशी तुझा संबंधच उरणार नाही.

मामाला हे लागलं. तो मुकाट्याने उठून बडीशेपेचा डबा घेऊन आला, आधी तिला दिली, मग स्वतः घेतली. मला वाटलं मिटलं. पण त्याच्यातला बँकवाला जागा झाला होता.

मामा : तुला नकोशा झाल्यात ना? मग तू लिहू नकोस. तुझ्याशिवाय कोण लिहिणार? आपोआप बंद पडेल.

भाची : दुसरं कुणीतरी लिहील. काकू माझ्या नाहीत.

मामा : म्हणजे? तूच तर जन्माला घातल्यास!

भाची : करारावर सही केली तेव्हा त्या चॅनेलच्या झाल्या. वही, चष्मा, वाक्य, सगळं. मी सोडलं तर त्या माझ्याबरोबर येत नाहीत. नटीने सोडलं तर तिच्याबरोबरही जात नाहीत, निदान कागदावर तरी. गुत्थी आठवते?

मामा : दोन वेण्यांची? कपिल शर्माच्या कार्यक्रमातली? कोण विसरेल!

भाची : २०१३ मध्ये कलर्सवर ‘कॉमेडी नाइट्स विथ कपिल’ सुरू झालं. सुनील ग्रोव्हरची गुत्थी इतकी गाजली की लोक कपिलपेक्षा तिची वाट बघायला लागले. त्याच वर्षाच्या शेवटी तो बाहेर पडला. तेव्हा चॅनेलने जाहीर नोटीस काढली, गुत्थीचे हक्क आमचे आहेत, दुसऱ्या कुणी ते पात्र वापरायचं नाही. सुनील स्टार प्लसवर ‘मॅड इन इंडिया’ घेऊन आला, २०१४ च्या सुरुवातीला. त्यात तो गुत्थी नव्हता, चुटकी होता.

मामा : म्हणजे बाई तीच, नाव दुसरं.

भाची : आणि गंमत बघ, चाललं नाही. काही महिन्यांत तो कार्यक्रम गुंडाळला आणि सुनील कपिलकडे परत आला. पुढे सोनीवर तो डॉक्टर गुलाटी झाला, २०१७ मध्ये पुन्हा भांडून गेला, २०२४ मध्ये नेटफ्लिक्सवर पुन्हा दोघं एकत्र आले. हे सगळं सोड. मला त्या नोटिशीचं नवल वाटतं. कायदा असा आहे की नुसत्या कल्पनेवर कुणाचा हक्क नसतो, ती जशी मांडली त्यावर असतो. मग पुरुषाने दोन वेण्या घालून लाजत आत येणं ही कल्पना की मांडणी? वेण्यांवर हक्क, की लाजण्यावर? आणि लाजणं तर सुनीलच्या खांद्यात होतं. ते त्याने कुठे काढून ठेवायचं?

मामा : आणि गुत्थीशिवाय गेला तर चालला नाही म्हणतेस. म्हणजे खांदे असूनही भागलं नाही.

भाची : नाही भागलं. चॅनेलकडे नाव राहिलं आणि त्याच्याकडे खांदे. दोघांनाही एकट्याला विनोद करता येईना.

मी : तमाशातल्या मावशीचे हक्क कुणाकडे असतील?

मामा : कुणाकडेच नाहीत. कोणत्याही फडाने घ्यावी आणि आपली मावशी उभी करावी. एका फडातली मावशी दुसऱ्या फडातल्या मावशीपेक्षा इरसाल असते, आणि लोक त्याच्यासाठी दोन्ही बघतात. नोटीस कसली!

भाची : मग मला त्या फडात पाठव. इथे मी काकूंना मारलं तरी चॅनेल त्यांना दुसऱ्या कार्यक्रमात जिवंत करेल. त्यांच्या वहीत माझंच वाक्य दुसरा कुणीतरी लिहील, आणि बहुतेक माझ्यापेक्षा वाईट लिहील. मला त्याचाच जास्त राग येतो.

मामा : म्हणजे तुला त्या आवडतात.

भाची : मी कधी म्हटलं नाही आवडत नाहीत! मला त्या लिफ्टच्या दाराबाहेरच्या काकू आवडतात. त्यांना परत तिथवर न्यायचं असेल तर त्यांना काहीतरी हवं असायला पाहिजे, आणि ते त्यांच्याकडे नसायला पाहिजे. मागच्या बैठकीत मी सुचवलं, काकूंचे मिस्टर सोसायटीच्या निवडणुकीला उभे राहतात आणि काकूंना त्यांच्याच विरोधात तक्रार लिहावी लागते.

मामा : वा! हे बघायला आवडेल.

भाची : उत्तर आलं, ‘छान आहे, पण मिस्टर दाखवू नका, नवीन नट घ्यावा लागेल. आणि तक्रार नेहमीचीच ठेवा.’

मामा : थांब जरा, हिशेब लावू दे. पात्राचे हक्क चॅनेलकडे. टाळ्या नटीला. लोकांना कंटाळा आला तर शिव्या लेखिकेला. मग तुझ्या पदरात पडतं काय?

भाची : चेक. तोही नव्वद दिवसांनी.